दक्षिणेकडची भिंत

पहिला तडा आईनं पाहिला. थंडी नुकतीच सुरू झाली होती आणि बेहालाच्या बाजारात नोलेन गूळ आला होता. हा खजुराच्या रसाचा गूळ, तपकिरी आणि धुरकट वासाचा. आई त्याचं पुरण करायची. पुण्याच्या माझ्या मामीला ही कल्पनाच भयंकर वाटायची, पण कोलकात्यात जन्मलेल्या मला पुरणपोळीची तीच चव ठाऊक होती. त्या दिवशी डाळ शिजायला टाकून आई गच्चीवर सांडगे उलटायला गेली आणि लगेच परत आली. ताट तसंच हातात. "अहो, जरा बाहेर येऊन बघता का?" एवढंच ती बाबांना म्हणाली. तिच्या आवाजात काही वेगळं नव्हतं, तरी मी पुस्तक खाली ठेवून त्यांच्या मागं गेले. गच्चीच्या कठड्यापासून एक काळी रेघ निघून भिंतीवरून खाली उतरत गेली होती. बाबांनी खिशातलं पेन काढलं आणि त्याचं टोक रेघेत घातलं. ते सहज आत गेलं.

आमचं घर माझ्या आजोबांनी बांधलेलं. ते बजबजच्या एका ज्यूट मिलच्या कचेरीत नोकरीला आले आणि इथलेच झाले. दोन मजल्यांचं साधं विटांचं घर. दक्षिणेच्या बाजूला मागाहून वाढवलेली एक खोली होती, तिच्यावर दुसरा मजला नव्हता, म्हणून तिचं छत म्हणजे आमची वरच्या मजल्यावरची गच्ची. लग्न होऊन आल्यावर आईला त्या दक्षिणेच्या बाजूचा धसका होता. आपल्याकडं दक्षिण म्हणजे यमाची दिशा. इथं मात्र दक्षिणेला मोकळं असलेलं घर भाग्याचं, वारा तिकडून येतो, आणि लोक घर बघायला आले की आधी तेच विचारतात. आमच्या दक्षिणेला तळं होतं. माझ्या लहानपणी त्यात बदकं पोहायची आणि दुपारी पाण्याची तिरीप आमच्या छतावर हलायची. पुढं त्या तळ्यात कुणी रात्रंदिवस राडारोडा आणून टाकू लागलं आणि दोन वर्षांत तिथं सपाट जमीन झाली. मग पत्र्याचं कुंपण आलं. कुंपणाआड खड्डा खणायला सुरुवात झाली ती आमच्या भिंतीपासून चार हातांवर.

खड्ड्यातलं पाणी उपसायला पंप लावला होता. तो सकाळी सातला सुरू व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत घरघरत राहायचा. सुरुवातीला त्याचा त्रास व्हायचा, मग सवय झाली, आणि मग बाबांनी एकदा जेवताना सांगितलं की हा पंप नुसतं पाणी ओढत नाही, त्या पाण्याबरोबर आपल्या घराखालची मातीही ओढतो आहे. त्यानंतर मला सवय राहिली नाही. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचे आणि वाटायचं, आता माझ्या पलंगाखालची माती चालली, आता आईच्या ओट्याखालची.

बाबा संध्याकाळच्या लॉ कॉलेजात शिकवायचे. अपकृत्य कायदा हा त्यांचा विषय, म्हणजे करारमदार काही नसताना एका माणसानं दुसऱ्याचं नुकसान केलं, तर त्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवणारा कायदा. मोहल्ल्यात सगळे त्यांना 'माश्टरमोशाय' म्हणायचे. आमच्या घरात इतर घरांत गोष्टी सांगतात तसे खटले सांगितले जायचे. कुणाच्या बाटलीत गोगलगाय सापडली, कुणाचं धरण फुटून शेजाऱ्याच्या खाणीत पाणी गेलं. "मंजू, तुझ्या वागण्यानं ज्याला इजा पोचू शकते तो तुझा शेजारी," ते म्हणायचे. "मग तो चार हातांवर राहत असो की चार मैलांवर. त्याचा विचार आधी करायचा. बाकीचा सगळा कायदा यातूनच निघतो." जमिनीबद्दलही ते सांगत. प्रत्येक जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार असतो, तो काढून घ्यायचा अधिकार कुणालाच नाही. घराला तो आधार वीस वर्षं बिनतक्रार मिळाला असेल तर घराचाही तो हक्क होतो. आमचं घर उभं राहून वीस वर्षं केव्हाच उलटून गेली होती. त्यामुळं तडा बघून बाबा घाबरले नाहीत. मला आता वाटतं, त्यांना त्यात थोडी धन्यताही वाटली असावी. आयुष्यभर फळ्यावर जे लिहिलं ते त्यांच्या भिंतीवर येऊन उभं राहिलं होतं.

त्या दक्षिणेच्या खोलीत शेफालीमावशी राहायची. तिला बंगालीत 'माशी' म्हणायचं, तर आई लहानपणी मला ओरडायची, "माशी काय माशी! नीट मावशी म्हण." ती आमची भाडेकरू, माझ्या जन्माच्या आधीपासूनची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. ब्लाउज शिवायची. तिच्यासारखा ब्लाउज बेहालात कुणाचा बसत नाही, असं बायका म्हणायच्या आणि ते खरं होतं. दक्षिणेच्या भिंतीत एक मोठी खिडकी होती, तिच्याखाली तिचं मशीन. दिवसभर मशीन आणि तिची जीभ दोन्ही चालू असायचं. माझं माप ती टेपनं घ्यायची नाही. मला वळायला सांगायची, एकदा बघायची आणि म्हणायची, "अर्धा इंच वाढलीस. मोहरीच्या तेलातलं काय खातेस?" आईचं थालीपीठ ती कासुंदीशी, म्हणजे मोहरीच्या आंबट चटणीशी, खायची आणि आईला सांगायची, तुमच्या लोकांना हे आधी सुचायला हवं होतं.

तडा दिसल्यानंतर आठवड्याभरात नंदीबाबू आले. शेजारची इमारत त्यांची. पांढरा सदरा, हातात संदेश मिठाईचा खोका, आणि पायांतले बूट दाराबाहेर काढून अगदी विनयानं आत आले. आईला 'बौदी', म्हणजे वहिनी, म्हणाले. तड्याकडं बघून ते हळहळले. मग म्हणाले, "माश्टरमोशाय, जुनं घर आहे. जुन्या घराचं हे व्हायचंच. तुम्ही मला जागा द्या. चार मजले बांधू, दोन फ्लॅट तुमचे. मुलगी उद्या सासरी जाईल, तुम्हाला एवढं घर कशाला?"

"तुम्ही आधी खड्ड्याला आतून भिंत बांधा," बाबा म्हणाले. "कायद्यानं ते तुमचं काम आहे."

"कायदा तुम्ही जाणता," नंदीबाबू हसले. "मी फक्त माती जाणतो. माती कुणासाठी थांबत नाही हो." आणि ते उठले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कोणत्या कॉलेजात जातेस, किती वाजता परततेस, ते विचारलं. विचारण्यासारखंच ते होतं. पण ते गेल्यावर आईनं संदेशचा खोका न उघडता तसाच गल्लीतल्या कुत्र्यांना घातला. अन्न टाकताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं.

बाबांनी दावा लावला. वकील म्हणून अनिमेष, त्यांचाच जुना विद्यार्थी, चष्मा नाकावर घसरलेला एक हुशार तरुण. तड्यांवर बाबांनी सिमेंटनं काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत सरकली की काच तडकते, म्हणजे सरकली याचा पुरावा. रोज सकाळी चहाआधी ते कंदिलासारखा टॉर्च घेऊन पट्ट्या तपासायचे आणि वहीत लिहायचे. पहिली पट्टी नवव्या दिवशी फुटली. नवी लावली, ती चौथ्या दिवशी. कोर्टानं मनाईहुकूम दिला, 'जैसे थे'. पुढचा आदेश होईपर्यंत खड्ड्यात काही करायचं नाही, आणि कोर्टाचा कमिशनर येऊन भिंतीची पाहणी करील. त्या दिवशी बाबांनी मिठाई आणली. पंप बंद झाला. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा शांतता झाली आणि आम्ही तिघं जेवताना एकमेकांकडं बघून हसलो.

पण थांबलेल्या कामामुळं खड्डा उघडाच राहिला. नंदीबाबूंनी आतून आधार बांधायला नुकती कुठं सुरुवात केली होती, तीही आमच्याच हुकुमानं थांबली. खड्ड्यात पाणी साचत गेलं. कडेची माती अधूनमधून त्यात सुटून पडायची आणि बुडुक असा आवाज यायचा. भात कालवता कालवता आईचा हात थांबायचा. बाबा म्हणायचे, "बेडूक असेल."

आईनं ओळखीच्या गवंड्याला बोलावलं. त्यानं भिंतीला तळवा लावला, वर पाहिलं, खाली पाहिलं. भिंत पोट काढून उभी होती. "आजच्या आज बांबू-बल्ल्या लावा, नाहीतर खिडकीपासून उतरवून घ्या," तो म्हणाला.

"कमिशनर येईपर्यंत हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "आपणच भिंत उतरवली तर ते म्हणतील, आम्ही काय केलं, यांनीच पाडली. आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे. हा पुरावा आहे."

"पुराव्याखाली माणूस राहतं," आई म्हणाली.

त्याच दिवशी बाबांनी आम्हाला गच्चीवर जायची बंदी केली, आणि आईनं लोणच्याच्या बरण्या, सांडग्यांची ताटं, माझा झोपाळा, सगळं आत आणलं. म्हणजे आम्ही स्वतःपुरती काळजी घेतली होती. पुढं पंचवीसेक वर्षं मी विमा कंपनीत अपघातांच्या दाव्यांच्या फायली वाचल्या. प्रत्येक फायलीत मी हेच आधी शोधायचे, धोका कळल्यावर माणसानं स्वतःचं काय हलवलं.

गुरुवारी सकाळी कॉलेजला निघताना बाबांनी मला हाक मारली. ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "खाली शेफालीला सांगून जा. कमिशनर येऊन जाईपर्यंत त्या खिडकीपाशी बसायचं नाही. मशीन पुढच्या व्हरांड्यात घे म्हणावं, आणि झोपायला आपल्या बैठकीत ये. नीट सांग."

मी गेले. रविवारी सरस्वतीपूजा होती. आमच्याकडं त्या दिवशी सगळ्या मुली पिवळी साडी नेसतात, आणि माझी ती पहिली साडी, आईची, लिंबाच्या रंगाची. तिच्यावरचा ब्लाउज शेफालीमावशीकडं शिवायला होता. कॉलेजातला एक मुलगा त्या दिवशी मला साडीत बघणार होता. त्याचं नावही आज मला आठवायला वेळ लागतो. मी आत गेले तेव्हा खोलीत कापडांचा ढीग होता. पूजेआधीचा आठवडा, साऱ्या मोहल्ल्याचे ब्लाउज तिच्याकडं. माझा अजून कापलाही नव्हता. "शनिवारी संध्याकाळी देते, देवाशपथ," ती मान वर न करता म्हणाली. "या उजेडात बसून करतेय म्हणून होतंय. डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत गं."

पुढच्या व्हरांड्यात दिवसाही दिवा लावावा लागायचा. मशीन उचलून तिकडं नेणं, मांडामांड, त्यात अर्धा दिवस गेला असता. मला हे सगळं त्या क्षणी स्पष्ट दिसलं. मी काही विसरले नाही, घाईत नव्हते, मला शब्द सुचले नाहीत असंही नाही. मी ठरवलं की शनिवारी ब्लाउज हातात पडला की सांगू. दोनच दिवस. भिंत इतके दिवस उभी आहे. मी तिच्या डब्यातली बडीशेप तोंडात टाकली आणि कॉलेजला गेले.

भिंत शुक्रवारी दुपारी पडली. मी नुकती घरी येऊन वर जेवायला बसले होते. धडाका वगैरे झाला नाही. एखाद्यानं लांब श्वास सोडावा तसा आवाज झाला, पायाखालची फरशी हलली आणि ताटातली आमटी सांडली. आई "शेफाली!" म्हणून ओरडली आणि जिन्याकडं धावली. मी बसूनच राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मला आठवतं की खालून मशीनचा आवाज येत नव्हता.

खाली गेले तेव्हा खोलीला एक बाजूच नव्हती. तिथून थेट खड्डा दिसत होता, आणि धूळ, आणि धुळीत उजेड. गल्लीतली माणसं विटा काढत होती. गच्चीच्या छताचा एक तुकडा मशीनवर आडवा आला होता आणि मशीननंच त्याला पेललं होतं, म्हणून शेफालीमावशीचं डोकं वाचलं. उजवा हात कोपरापासून त्याखाली होता. ती शुद्धीत होती. ओरडत नव्हती. तिच्या मांडीवर पिवळं कापड होतं.

हात कापावा लागला नाही. पण बोटं पुन्हा मिटली नाहीत. सुई धरता येईल का, असं तिनं डॉक्टरला विचारलं आणि डॉक्टरनं परिचारिकेकडं पाहिलं, ते आईनं आम्हाला घरी आल्यावर सांगितलं. बाबा खुर्चीत बसून होते, सदऱ्यावर धूळ तशीच. त्यांनी मला विचारलं, "मंजू, तू सांगितलं होतंस ना तिला?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजही विसरू शकत नाही. ती सुटका होती.

शेफालीमावशीला बजबजला तिच्या बहिणीनं नेलं. चार महिन्यांनी तिचा दावा आला. प्रतिवादी क्रमांक एक नंदीबाबू, क्रमांक दोन बाबा. खड्डा खणला त्यानं आधार काढून घेतला, आणि घरमालकानं भिंत धोक्याची आहे हे ठाऊक असून ती तशीच ठेवली. तिच्या वकिलानं पुरावा म्हणून भिंतीबद्दल बाबांनीच नंदीबाबूंना लिहिलेली पत्रं जोडली होती, आणि बाबांची ती वही, जी त्यांनीच आपल्या दाव्यात दाखल केली होती. रोजची तारीख, रोजचं माप. भिंत पडणार हे बाबांइतकं नीट कुणीच लिहून ठेवलं नव्हतं.

अनिमेष आमच्याकडं आला तेव्हा मात्र तो खचलेला नव्हता. "सर, आपल्याकडं उत्तर आहे. तुम्ही तिला सूचना दिली होती. दुसरी जागा देऊ केली होती. धोका कळूनही ती स्वखुशीनं तिथंच बसली. मग जबाबदारी तिची." मग तो माझ्याकडं वळला. "मंजू साक्ष देईल."

त्यापुढचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. आई माझ्या पानात वाढायची आणि ते तसंच उरायचं. तिला वाटायचं, अपघात पाहिल्याचा धक्का आहे. एका रविवारी सकाळी बाबांनी मला समोर बसवलं, कागद घेतला आणि म्हणाले, "काय म्हणालीस ते जसंच्या तसं सांग. बंगालीतच."

मी सांगितलं. रचून ठेवलंच होतं. ते लिहीत गेले.

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, आच्छा."

"मग?"

"मग काही नाही. मी कॉलेजला गेले."

बाबांचं पेन थांबलं. खालच्या रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. "शेफाली नुसतं आच्छा म्हणाली," ते सावकाश म्हणाले. ते विचारत नव्हते. शेफालीमावशीला कुणी 'पाऊस येतोय' म्हटलं तरी ती त्यावर दहा वाक्यं बोलायची, आणि हे बाबांना माझ्याइतकंच माहीत होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी मला त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. घरातले खटले बंद झाले. जेवताना फक्त भांड्यांचा आवाज. मी समजले की त्यांना कळलं आहे, आणि तरी कैफियत दाखल करायची तारीख जवळ येत होती, आणि ते गप्प होते. माझ्या खोटेपणापेक्षा त्यांचं ते गप्प बसणं मला जास्त भीतीदायक वाटायला लागलं. अशा माणसाला मी ओळखत नव्हते.

अनिमेषची खोली अलीपूरच्या कोर्टाजवळ होती. बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टायपिस्ट ओळीनं बसलेले, त्यांचा खडखडाट आत यायचा. कैफियत टाइप करून तयार होती. अनिमेषनं ती मोठ्यानं वाचली. अकरावा परिच्छेद असा होता, की वादीला या प्रतिवादीनं आपल्या कन्येमार्फत धोक्याची स्पष्ट सूचना दिली होती. शेवटी सत्यापन असतं, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, आणि त्याखाली सही. बाबांनी पेनचं टोपण काढलं. पेन कागदावर टेकवलं आणि तसंच ठेवलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"बाबा," मी म्हणाले, "मी तिला सांगितलं नव्हतं."

त्यांनी चटकन वर पाहिलं. "हे तू आज सांगतेस?" आवाज चढला होता, आणि त्यात राग होता. मी सांगितलं नाही याचा राग मला समजला असता, पण तो राग मी आता बोलले याचा होता. ते त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले.

अनिमेष हळू आवाजात म्हणाला, "सर, ती अजून लहान आहे. घाबरली आहे. त्या खोलीत दोघीच होत्या. एकीचा शब्द दुसरीविरुद्ध. हा परिच्छेद गेला तर आपल्याकडं काही उरत नाही."

बाबा उठले आणि बाहेर गेले. मी काचेतून बघत होते. ते टायपिस्टांच्या रांगेच्या टोकापर्यंत गेले, एका खांबाला टेकून उभे राहिले. अनिमेषनं मला चहा दिला, तो निवून त्यावर साय धरली. मला वाटत होतं, ते आत येतील आणि सही करतील. खरं सांगते, मला कुठंतरी तेच हवं होतं. अर्ध्या तासानं ते आले. खाली न बसता त्यांनी अकराव्या परिच्छेदावर पट्टीनं मारावी तशी सरळ काट मारली, समासात छोटी सही केली, आणि शेवटच्या पानावर मोठी.

त्या गोष्टीबद्दल बाबा माझ्याशी पुन्हा कधीही बोलले नाहीत. रागावले नाहीत, समजूत घातली नाही. मी ते मौन माझ्यावरचा निकाल म्हणूनच घेतलं.

पुढच्या आठवड्यात मी बजबजची गाडी पकडून शेफालीमावशीकडं गेले. घरी सांगितलं नाही. तिच्या बहिणीच्या घरामागं नदी होती, वाऱ्याला तेलाच्या टाक्यांचा वास होता. ती पायरीवर डाव्या हातानं मटार सोलत बसली होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, पालथा. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, ब्लाउजसकट. ती ऐकत राहिली. तिनं मला एवढा वेळ बोलू दिलं असं पहिल्यांदाच झालं.

मग म्हणाली, "मला डोळे नव्हते का? ती भिंत मी रोज बघत होते. तू सांगितलं असतंस तरी पूजेपर्यंत मी तिथंच बसले असते. उजेड दुसरीकडं कुठं होता?"

मला रडू फुटलं. तिनं मला रडू दिलं. एक शेंग सोलून झाल्यावर ती म्हणाली, "पण तू सांगायला हवं होतंस, मंजू." आणि थोड्या वेळानं, "आता जा. गाडी चुकेल."

निकाल लागायला काही वर्षं गेली. दोघेही जबाबदार ठरले. नंदीबाबूंनी अपील केलं आणि ते अपील त्यांच्यापेक्षा जास्त जगलं. बाबांनी अपील केलं नाही. आपल्या वाट्याची भरपाई देण्यासाठी त्यांनी घर विकलं. घेणारा कुणी तिसराच होता, पण बांधकाम सुरू झालं तेव्हा पाटीवर नंदीबाबूंचंच नाव आलं. आज डायमंड हार्बर रोडवरून मेट्रो जाते, आणि माझा मुलगा न्यू टाउनहून भेटायला येतो तेव्हा तिच्यातून त्याला ती इमारत दिसते, गुलाबी रंगाची, चार मजल्यांची. त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत तो विचारतो, "आई, ते आपला घर होता ना?" मी म्हणते, तिथं होतं.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तेराव्याच्या दिवशी अनिमेष आला. त्याचे केस पांढरे झाले होते. त्याच्याबरोबर त्याची ज्युनियर होती, बाबांच्या शेवटच्या बॅचची विद्यार्थिनी. चहा घेताना ती म्हणाली, सर दरवर्षी पहिल्या तासाला एकच उदाहरण द्यायचे. एक घरमालक असतो, त्याच्या शेजारी खड्डा खणलेला असतो, भिंत पडणार हे त्याला माहीत असतं, खाली भाडेकरू शिवत बसलेली असते. मग वर्गाला विचारायचे, दोष कुणाचा? तासभर भांडण चालायचं.

अनिमेषनं कप खाली ठेवला. मी तिला विचारलं, "आणि त्या घरमालकाची मुलगी?"

ती गोंधळली. "मुलगी? नाही, उदाहरणात मुलगी नव्हती. घरमालक एकटाच असायचा. कुणीतरी नेहमी विचारायचं, की सर, त्यानं भाडेकरूला का सांगितलं नाही? जिना उतरून जायचं, एवढंच तर होतं."

"मग सर काय म्हणायचे?"

"म्हणायचे, तो स्वतः खाली गेला नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत वळली, आणि थोड्या वेळानं मीही तिच्या मागं गेले.